आधी टाकी, मग पंप

एमएच-११, एमएच-१० किंवा कराडची एमएच-५० पाटी, वय बारा-चौदा वर्षं, दोन लाखांच्या आसपास किलोमीटर पळालेली बोलेरो नाहीतर स्कॉर्पिओ. अशी गाडी घेणाऱ्याच्या तक्रारी जवळपास ठरलेल्या असतात. सकाळी पटकन सुरू होत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. सपाटीला बरी पळते, पण घाट लागला की दम सोडते. सिग्नलला उभी असली की आरपीएम वर-खाली होतो. गॅरेजमध्ये नेल्यावर मिळणारं उत्तरही बहुतेक ठरलेलंच: "मालक, पंप-नोझल गेलंय." कॉमन रेल गाडी असेल तर या तीन शब्दांचं बिल पन्नास हजारांच्या पुढे सहज जातं.

पंप-नोझल जातंच, जात नाही असं नाही. पण डिझेल टाकीतून निघून इंजिनात जळेपर्यंतच्या वाटेवर ही शेवटची आणि सगळ्यात महागडी जागा आहे. तिच्या आधी टाकी, जाळी, नळ्या, क्लिपा, फिल्टर अशी स्वस्त मालाची रांग लागते, आणि जुन्या गाडीत बिघाड बहुधा तिथंच असतो. तपासणी मात्र उलट्या बाजूने सुरू होते, कारण पंप खोलण्यात पैसा आहे आणि दोन इंच रबरी नळी बदलण्यात नाही.

खरं तर डिझेल इंजिन या मुलखाला नवं नाही. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं बनत होती. किर्लोस्करवाडी १९१० सालची. त्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि कृष्णा-वारणेच्या काठावर ती इंजिनं पाणी उपसू लागली. दहा नंबरचा पाना घेऊन फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फेस संपून डिझेलची सरळ धार लागेपर्यंत हातपंप मारायचा, हे त्या काठावरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पुढे वडापच्या कमांडर आणि ट्रॅक्स आल्या, १९९४ ला सुमो आली, २००० मध्ये बोलेरो आली, तरी तीच विद्या पुरली. पंप यांत्रिक, नोझल उघडायला लागणारा दाब दोनशे बारच्या आगेमागे.

२००५ च्या सुमाराला स्कॉर्पिओत सीआरडीई, सफारीत डायकॉर आणि नवी इनोव्हा असं कॉमन रेलचं राज्य आलं. पुढे बोलेरोही त्याच वाटेने गेली. आता दाब तेराशे-सोळाशे बारचा, आणि नोझल किती मायक्रोसेकंद उघडायचं हे ठरवणारा संगणक. आज सेकंड हॅन्ड बाजारात मिळणाऱ्या बहुतेक एसयूव्ही याच पिढीतल्या. काठावरच्या विद्येचा निम्मा भाग इथंही लागू पडतो. उरलेला निम्मा घातक ठरू शकतो, त्याकडे पुढे येऊ.

लागू पडणारा निम्मा भाग हवेचा. टाकी मागे, पंप पुढे. मधलं डिझेल बऱ्याच गाड्यांत पंपच ओढून घेतो. त्यामुळे या नळीत दाब नसतो, ओढ असते. इथं रबर चिरलं, क्लिप सैल झाली, फिल्टरखालची रिंग कडक झाली तर डिझेल बाहेर टपकतच असं नाही. हवा मात्र आत शिरते. गाडीखाली वाकून बघणारा मालक म्हणतो, "एक थेंब गळत नाही." तो खरंच बोलतो आणि तरीही गाडी एअर घेत असते. रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीकडे परततं, सकाळी पंपापर्यंत नुसती हवा. दुपारी हीच गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि मेकॅनिकला काही सापडत नाही.

सकाळची अडचण खरोखर डिझेलची आहे का, हे सायलेन्सर सांगतो. सेल्फ मारताना मागून पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. मग हीटर प्लग, बॅटरी, कॉम्प्रेशन बघावं. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही. एवढं मालकाने घरूनच पाहून सांगितलं तरी गॅरेजमधला अर्धा दिवस वाचतो.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात यंत्र लागत नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, नवं डिझेल भरायचं. टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी सोडवून तिथे पारदर्शक नळी जोडायची, तिचं दुसरं टोक कॅनमध्ये. परत जाणारी रिटर्न नळीही कॅनमध्येच. हातपंप मारून एअर काढायची आणि गाडी सुरू करून त्या नळीकडे बघत राहायचं. सुरुवातीला वाटाण्याएवढे बुडबुडे येतात, मग मोहरीएवढे, मग नळीत नुसतं पिवळसर डिझेल स्थिर दिसतं. आता रेस द्या. गाडी सुतासारखी सरळ चालली तर पंप-नोझलला हात लावायचं कारण नाही. दोष टाकी ते फिल्टर यांच्यामध्ये आहे. कॅनवरही तक्रार तशीच राहिली तर तो फिल्टरच्या डोक्यात किंवा त्यापुढे आहे. ज्यांच्या टाकीतच इलेक्ट्रिक पंप बसवलेला असतो त्या गाड्यांना हा प्रयोग जसाच्या तसा चालत नाही, तेवढं मिस्त्रीला विचारून घ्यावं.

टाकीतही पाहण्यासारखं बरंच असतं. झाकण उघडताना 'सूं' करून हवा आत ओढली गेली तर हवेचा मार्ग तुंबलेला आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि तास-दीड तास पळाल्यावर गाडी मेल्यासारखी होते. झाकण काढलं की पुन्हा जिवंत. कायम काट्याच्या तळाशी चालवलेल्या गाडीची टाकी आतून गंजते, कारण मोकळ्या जागेतल्या हवेतली वाफ पत्र्यावर गार होऊन उतरते. हा गंज चढाला गाडी कलली की जाळीवर येऊन बसतो. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर ओढ कमी होणारी आणि उतार लागला की काही झालंच नाही अशी वागणारी गाडी मी पंपाला नव्हे, फिल्टरला आणि जाळीला दोष देऊन पाठवीन. सपाटीला लागणारं डिझेल तुंबलेल्या फिल्टरमधूनही येतं. चढाला दुप्पट लागतं, ते येत नाही.

आता पाणी. पाण्याचं प्रकरण सांगलीकरांना वेगळं समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून बाजारात आल्या. पाणी टाकीत ब्रीदरच्या नळीतून आणि झाकणातून शिरतं. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम, म्हणून पाणी खाली बसतं, आणि ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. वर पंचावन्न लिटर चोख डिझेल असलं तरी पंपाला पहिला घोट गढूळ पाण्याचा मिळतो.

यांत्रिक पंप हे थोडंफार सोसायचा. कॉमन रेलमधला पंप आणि इंजेक्टर डिझेलवरच वंगण घेतात, आणि त्यांच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्या फटीत पाणी गेलं की वंगण तुटतं, गंज धरतो, धातूचे कण सुटतात आणि एका जागचा कचरा चारही इंजेक्टरांत फिरतो. म्हणून पुरात उभी राहिलेली गाडी चावी फिरवून "बघू तरी" म्हणायचं नसतं. आधी टाकी उतरवून रिकामी करायची.

पूर न पाहिलेल्या गाडीतही पाणी सापडतं. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी शेडमध्ये ठेवलेल्या बॅरलमधलं डिझेल बोलेरोतही ओतलं जातं, तेही जाळी नसलेल्या नरसाळ्यातून. बॅरल उघड्यावर, बूच अर्धवट. पहिल्या वळवाला त्यात काय जातं ते सांगायला नको. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट शेवाळासारखा चिकट थर धरतो. फिल्टर महिन्या-दोन महिन्यांत तुंबत असेल तर फिल्टर बदलत बसू नका, टाकी धुवा.

पूर्वी याच्या जोडीला भेसळ होती. रेशनचं निळं रॉकेल डिझेलात मिसळण्याचा धंदा किती मातला होता ते मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये दिसलं. अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. रॉकेलात वंगण कमी, त्यामुळे त्या काळात पळालेल्या गाड्यांचे पंप अकाली झिजले. दुसरा बदल कायदेशीर आणि चांगल्यासाठी झालेला. डिझेलमधलं गंधक बीएस-३ ला ३५० पीपीएम होतं, २०१७ मध्ये देशभर ५० आणि १ एप्रिल २०२० पासून १० वर आलं. गंधक काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगणही जातं. ते कंपन्या रसायन घालून भरून काढतात. पण जुन्या रोटरी पंपांची वर्षानुवर्षं जुन्या डिझेलात फुगलेली रबरी सीलं नव्या डिझेलात आक्रसतात आणि पंप अंगाने पाझरू लागतो. याला नवा पंप लागत नाही, सील किट लागतं. डिझेल लॅबमध्ये पंप द्यायचा तर आधी हे विचारा.

स्वस्तातलं सगळं तपासून झालं आणि तरीही गाडी उशिरा सुरू होते, आरपीएम नाचतो, तेव्हा पुढच्या टोकाला जायचं. तिथंही क्रम आहे. कॉमन रेलमध्ये पुरेसा दाब जमल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून आधी स्कॅनरवर रेलचा दाब बघायचा. पंपात किती डिझेल घ्यायचं हे ठरवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. डेन्सोच्या पंपांवर त्याला सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. तो अडकला की थांबलेली गाडी धापा टाकल्यासारखी करते, मधेच बंदही पडते. अख्खा पंप न बदलता हा एकटा बदलता येतो, हे गॅरेजवाला स्वतःहून सांगेलच असं नाही.

इंजेक्टरांची परीक्षा आणखी सोपी आणि बघण्यासारखी. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला एकेक पारदर्शक नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडतात. काही गॅरेजांत त्यासाठी सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या दिसतात. गाडी काही मिनिटं चालवायची. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथीत अर्धी बाटली, असं दिसलं की दोषी कोण ते निराळं सांगावं लागत नाही. अशा वेळी चारही बदलायचा आग्रह धरणाऱ्याला त्या तीन बाटल्या दाखवाव्यात. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल, तर मात्र बाटल्यांची वाट न बघता गाडी थांबवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आता काठावरच्या विद्येचा घातक निम्मा भाग. जुन्या इंजिनात मिसिंग कोणत्या सिलिंडरला आहे ते कळायला चालू इंजिनावर नोझलची नळी पान्याने सैल करून बघत. कॉमन रेलवर हे कदापि करू नये. हजार बारच्या पुढची धार सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही कातडी भेदून आत जाते. बाहेर नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत डिझेल बोटाच्या शिरांतून पसरलेलं असतं. हळद लावून घरी जायची ही जखम नाही, तासाभरात शस्त्रक्रियेपर्यंत पोचायची आहे. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो.

पेट्रोलवाल्यांची संख्या या भागात कमी, पण जिप्सीचे भक्त आहेत. त्यांच्या टाकीत आता वीस टक्के इथेनॉल जातं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं. कार्बोरेटरच्या जिप्सीतले जुने रबरी डायफ्रॅम आणि नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. महिनोन्‌महिने उभी राहणारी, फक्त ट्रेकला निघणारी गाडी असेल तर टाकी भरलेली ठेवावी आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्यात. ॲव्हरेज थोडं पडेल, त्याला इलाज नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असते.

घेण्याआधी गाडी बघायला जाल ती सकाळी, आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगून. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. झाकण उघडून टाकीच्या तोंडाशी गाळाची रेघ आहे का ते बघा, सीटच्या पट्ट्या जिथे बसतात तिथे बोट घाला, वायरच्या जोडांवर हिरवट बुरशी आहे का पाहा. गाडी २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात कुठे उभी होती हे विचारा आणि विम्याचे कागद मागा. सांगलीचीच गाडी असायला हवी असं नाही, कराड-पाटणपासून कोल्हापूरपर्यंत पाणी होतं. मग यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला रेटून बघा. खाली आल्यावर फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि चहा पिऊन होईपर्यंत ती बाटली हलवू नका. तळाशी पाण्याचे मणी जमले, किंवा तांबूस गाळ बसला, तर टाकी धुणे, नळ्या, फिल्टर असा खर्च किमतीतून उतरवून मागा. मालक बाटलीच घेऊ देत नसेल तर पुढची गाडी बघा, बाजारात बोलेरोंना तोटा नाही.