कूलर काढून एसी बसवावा का?

एप्रिल-मे लागला की जालन्यात पारा चाळिशीपार जातो आणि व्यापारी बंधूंत हा प्रश्न निघतोच. आपल्या बऱ्याच कारागिरांचे घर आणि काम एकाच छताखाली असते, म्हणून विचार दोन्हींचा हवा.

उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. गवतावरचे पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, म्हणून कूलर येथे चांगला चालतो. मात्र खिडकी उघडी हवी आणि पाणी हवे. 2012-13 च्या दुष्काळात लोक टँकरची वाट पाहत होते. तेव्हा कूलरमध्ये पाणी ओतताना आम्हाला लाज वाटे. पाऊस सुरू झाला की कूलर नुसता चिकचिकाट करतो. आम्ही तो गोदामात तसाच चालू ठेवला आणि खळीच्या कापडाचे दोन गठ्ठे बुरशीने डागाळले.

एसी हवेतील ओल काढतो, ते मालाला बरे. 'एक टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेईल, तितकी बाहेर टाकण्याची ताकद. पत्र्याखाली दीड टनही कमी पडू शकतो. आधी पत्र्याला पांढरा रंग द्या, खालून सिलिंग करा. वायर स्वतंत्र, अर्थिंग पक्के. जुन्या वायरवर एसी जोडणे म्हणजे आगीला दावत! 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी 24 अंशांवर सुरू होतात. तेथेच राहू द्या, बिल आवाक्यात राहते.

आम्ही गोदामात एसी घेतला. घरी अजून कूलरच आहे.