उद्याच्या धास्तीने आजचे युद्ध

1914 च्या वसंतात जर्मन लष्करप्रमुख मोल्टके यांनी परराष्ट्र खात्याचे प्रमुख यागो यांच्यापुढे एक हिशेब मांडला. दोन-तीन वर्षांत रशियाची सैन्यवाढ पुरी होईल, मग तो आवरणार नाही. लढायचेच तर आता लढावे. पहिल्या महायुद्धाला एवढे एकच कारण नव्हते, पण बर्लिनमधल्या निर्णयांमागे ही घाई होती. पुढे 1917 मध्ये झारशाहीच कोसळली. त्याच वर्षाअखेरीस बोल्शेविक सत्तेवर आले आणि पुढे वर्षभरात कैसरलाही हॉलंडमध्ये आसरा घ्यावा लागला.

शत्रू सीमेवर शस्त्र उगारून उभा असताना पहिला वार करणे वेगळे आणि तो काही वर्षांनी डोईजड होईल म्हणून आजच त्याच्यावर चालून जाणे वेगळे. 1967 च्या जूनमध्ये इस्रायलने इजिप्तच्या विमानतळांवर हल्ला केला, तेव्हा सिनाईत इजिप्तचे सैन्य जमले होते आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद होती. त्या हल्ल्याच्या समर्थनावर आजही वाद आहे, पण वादाला निदान पुढ्यातल्या घटनांचा आधार आहे. उद्याच्या भीतीने पुकारलेल्या प्रतिबंधात्मक युद्धाला तो नसतो. त्याचा सगळा पुरावा भविष्यकाळात असतो आणि युद्ध सुरू झाले की ते भविष्यच पुसले जाते. न आलेले संकट आलेच असते, हे मग कोणी सिद्धही करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही.

म्हणून हेतू तपासताना शत्रूच्या शस्त्रागाराइतकेच हल्लेखोराच्या पंचांगाकडे पाहावे लागते. 1949 मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे नौदलमंत्री फ्रान्सिस मॅथ्यूज यांनी शांततेसाठी आपणच आक्रमक व्हावे, असे जाहीर भाषणात सुचवले. वरचढपणाचे दिवस सरत चालल्याची ही बेचैनी होती. ट्रूमन यांच्या सरकारने लगेच हात झटकले. 7 जून 1981 रोजी इस्रायली विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा इस्रायलची निवडणूक महिन्याभरावरही नव्हती. पंतप्रधान बेगिन यांना वाटणारी भीती खोटी होती, असे यातून म्हणता येत नाही. पण खरी भीती आणि राजकीय सोय एकाच विमानातून प्रवास करू शकतात.

ओसिराक हे अशा हल्ल्याच्या यशाचे नेहमीचे उदाहरण. भट्टी गेली, हे खरे. पण इराकच्या सद्दामने युरेनियम समृद्धीचा मोठा कार्यक्रम गुपचूप उभारला. त्याचा आवाका 1991 च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हा कळला. अनेक अभ्यासकांच्या मते हल्ल्यानेच त्याचा निर्धार पक्का केला. हे मत पूर्ण मान्य केले नाही, तरी इतके उरतेच: उघड्यावरचे काम भूमिगत झाले.

2003 मध्ये हाच तर्क सबंध देशाला लावला गेला. फेब्रुवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या महासंहारक शस्त्रांची चित्रे मांडली. संयुक्त राष्ट्रांचे हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक तपासाला आणखी काही महिने मागत होते. मार्चमध्ये बॉम्ब पडू लागले. शस्त्रसाठे सापडलेच नाहीत. मे महिन्यात इराकमधले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य बरखास्त केले आणि हत्यार चालवता येणारे लाखो लोक बेकार झाले. एक लाखाहून अधिक नागरिक हिंसाचारात बळी पडले. 2014 मध्ये मोसुल ‘इसिस’च्या हाती गेले. उत्तर कोरियाने 2003 च्या जानेवारीतच अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले होते. 2006 मध्ये त्याने चाचणी केली आणि तो हल्ल्यापासून वाचला. 2003 च्या अखेरीस शस्त्रकार्यक्रम सोडणाऱ्या लिबियाच्या गडाफींची राजवट 2011 मध्ये नाटोच्या बॉम्बवर्षावात संपली. बाकीच्या राजवटींनी यातून काय धडा घेतला असेल, हे वेगळे सांगायला नको.

या हिशेबाची दुसरी बाजू न झालेल्या हल्ल्यांत सापडते. 1962 च्या ऑक्टोबरात क्यूबावर तात्काळ बॉम्बफेक करा, असा अमेरिकी सेनाधिकाऱ्यांचा आग्रह होता. केनेडींनी नाकेबंदी निवडली. बेटावर सोव्हिएत रणांगणी अण्वस्त्रे आधीच पोहोचली होती, हे तीस वर्षांनी उघड झाले. चीनचा अणुकार्यक्रम उखडण्याचा विचारही वॉशिंग्टनमध्ये झाला आणि बाजूला पडला. ऑक्टोबर 1964 मध्ये लोप नोरला स्फोट झाला. 1972 मध्ये निक्सन बीजिंगला गेले.

यावर भारतीय वाचक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या संयमाची किंमत आपण मोजली. चिनी बॉम्बची छाया आपल्या धोरणावर पडली आणि 1974 च्या पोखरणच्या वाटेवर लोप नोर लागतेच. थांबणे फुकट नसते. पण ती किंमत डोळ्यांसमोर येत जाते, तिच्यावर वाटाघाटी, बंदोबस्त, धाक असे उपाय करता येतात. युद्धाची किंमत एकदम अंगावर येते आणि परत फिरायची वाट ठेवत नाही.

भारत आणि पाकिस्तान यांनी 31 डिसेंबर 1988 रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही हा शिरस्ता मोडला नाही. तुर्भे आणि तारापूर इथली अणुकेंद्रे या कराराच्या व्याख्येत बसतात, म्हणजे मुंबई परिसरातल्या कोट्यवधी माणसांच्या सुरक्षिततेत त्या कागदाचाही वाटा आहे. त्यात मैत्री नाही, भाबडेपणाही नाही. 2025 च्या जूनमध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा पुन्हा विचारले गेले की कार्यक्रम किती वर्षे मागे गेला. प्रश्न आणखी एक विचारायला हवा: त्या वर्षांत करायचे काय, हे ठरले आहे का? तेच ठरले नसेल, तर हल्ल्याने मिळतो तो फक्त पुढच्या हल्ल्याचा मुहूर्त.