दहा वर्षं कशाची?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये स्टार्टअपची ऑफिसं दाटीनं उभी आहेत आणि त्यांत मराठी मुलंमुलीही पुष्कळ आहेत. जुलै २०२४ मध्ये आरक्षणाचा विषय या ऑफिसांच्या दारात येऊन थडकला. खासगी उद्योगांत व्यवस्थापनातल्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना देणारं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलं. आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमनं कडाडून विरोध केला आणि काही दिवसांतच सरकारनं ते बाजूला ठेवलं. असा वाद पेटला की एक वाक्य हमखास कानावर येतं: आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होतं!

हे अर्धंच खरं आहे. संविधानाच्या ३३४ व्या कलमात दहा वर्षांची मुदत आहे, पण ती लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांपुरती. ती दर दहा वर्षांनी वाढत गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीनं ती आता जानेवारी २०३० पर्यंत आली आहे. नोकऱ्यांबद्दलच्या १६(४) आणि शिक्षणाबद्दलच्या १५(४) या कलमांना मुदतच नाही. शिवाय राखीव मतदारसंघांसाठीही याहून मोठी मुदत मागायची आपली तयारी होती, असं बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं. ‘बाबासाहेबांनीच दहा वर्षं ठरवली’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

तारीख ठरवून पाहण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न कर्नाटकाच्याच खटल्यात झाला, आणि तो केला एका मराठी सरन्यायाधीशांनी. १९८५ च्या वसंत कुमार खटल्यात यशवंत चंद्रचूड यांनी मत मांडलं, की अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण आर्थिक निकष न लावता आणखी जास्तीत जास्त पंधरा वर्षं चालावं, म्हणजे संविधानाला पन्नास वर्षं होतील; त्यानंतर निकष लावावा. दर पाच वर्षांनी धोरण तपासावं, असंही त्यांनी सुचवलं. सन २००० आलं आणि गेलं. तारीख पाळली गेली नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. पाच वर्षांची तपासणी झाली नाही, त्याचं वाटतं.

पुढे तर तपासणीची सक्ती कायद्यातच आली. कर्नाटकाच्या १९९५ च्या मागासवर्ग आयोग कायद्याचं ११ वं कलम सांगतं, की दर दहा वर्षांनी यादी तपासा; जे मागास राहिले नाहीत त्यांना वगळा, जे नव्यानं मागास ठरले त्यांना घ्या. प्रत्यक्षात काय झालं? २०१५ मध्ये घरोघरी सर्वेक्षण झालं. अहवाल सरकारच्या हाती पडायला २०२४ उजाडलं, आणि २०२५ मध्ये आकडे दहा वर्षं जुने म्हणून सप्टेंबरपासून नवं सर्वेक्षण सुरू झालं. मोजलेलं वापरायच्या आधीच शिळं झालं.

याची झळ कोणाला बसते? यादीतल्या तळाच्या जातींना. वरचे थर सरकत नाहीत, मग खालच्यांच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. जाट आरक्षण रद्द करणाऱ्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं होतं, की याद्यांत समावेश होत राहतात, वगळणं जवळपास होतच नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३ ब गटात आहेच. तिथली मागणी २ अ मध्ये जाण्याची आहे. इकडे फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानं मराठ्यांना १० टक्के दिले, आणि दहा वर्षांनी फेरआढाव्याची तरतूदही केली. ही तरतूद मला आरक्षणाच्या टक्क्यांइतकीच मोलाची वाटते. मात्र २०३४ साली आढावा घ्यायचा तर आकडे आजपासून जमवावे लागतील.

तारखेवर विसंबलेला कायदा कसा दुबळा असतो, ते अमेरिकेत दिसलं. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठ प्रवेशांतला वंशाचा विचार पंचवीस वर्षांत अनावश्यक व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. वीस वर्षांतच, जून २०२३ मध्ये, न्यायालयानं तो प्रकार थांबवला. दरी किती भरली, हा प्रश्न मिटलेला नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आरक्षण कायमचं नको, पण ते कॅलेंडर बघून संपवूही नये. एखाद्या समाजाची मुलं कॉलेजात, नोकरीत आणि साहेबाच्या खुर्चीत किती पोचली, हे दर दहा वर्षांनी मोजा, आकडे जाहीर करा आणि त्यावरून आत-बाहेर ठरवा. ही मोजणी सरकारी कचेऱ्यांपुरती ठेवून भागणार नाही. नव्या नोकऱ्या एचएसआर लेआउटसारख्या ठिकाणी निर्माण होतात, आणि तिथे कोणत्या समाजाचे किती लोक काम करतात, हे नोंदवण्याची सक्ती कंपन्यांवर नाही. ज्यांना आरक्षण संपायला हवं आहे, त्यांनी ही मोजणी सगळ्यांत आधी मागायला हवी.