एका मृत्यूचे दोन कागद

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या फलाटावर खाकी गणवेशात उभी असलेली माणसे एकाच खात्याची नसतात. त्यांपैकी काही लोहमार्ग पोलीस, म्हणजे रेल्वेच्या हद्दीत काम करणारे महाराष्ट्र पोलिसांचे अंग असतात आणि त्यांचा कारभार राज्याच्या गृहखात्याकडे असतो. उरलेले जवान रेल्वे सुरक्षा दलाचे, म्हणजे केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाखालील सशस्त्र दलाचे असतात. पाकीट गेलेला प्रवासी समोर दिसेल त्या खाकीकडे धाव घेतो, कारण खांद्यावरील अक्षरे वाचण्याच्या मनःस्थितीत तो नसतो. दलांना मात्र हा फरक प्रत्येक नोंदीच्या वेळी पाळावा लागतो. गुन्हा कोणी दाखल करायचा, अटक कोणी करायची आणि पकडलेला इसम दुसऱ्या दलाच्या स्वाधीन केव्हा करायचा, हे त्या फरकावरूनच ठरते.

या दुहेरी व्यवस्थेचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी करणाऱ्या या अनुसूचीत रेल्वे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, तर पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत असून त्या नोंदीतच रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे. रूळ, डबे, फलाट आणि स्थानकाची इमारत केंद्राची असली, तरी तिथे घडलेला खून, चोरी, विनयभंग किंवा दरोडा यांचा तपास राज्याचाच पोलीस करतो. लोहमार्ग पोलिसांचा खर्च मात्र राज्य सरकार आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. मुंबईत या पोलिसांचे स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि राज्याच्या इतर भागांतील मार्गांसाठी पुणे, नागपूर अशा ठिकाणी अधीक्षक नेमलेले आहेत.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, तेव्हा रेल्वे खासगी कंपनीची होती आणि मालाच्या राखणीसाठी कंपन्या स्वतःची माणसे ठेवीत. १८८२ मध्ये एका समितीच्या शिफारशीनुसार रेल्वेवरील पोलिसांचे सरकारी आणि कंपनीचे असे दोन भाग झाले, आणि आजची विभागणी त्याच रेषेवरून पुढे आली आहे. कंपनीच्या पहारेकऱ्यांचे पुढे ‘वॉच अँड वॉर्ड’ खाते झाले आणि १९५७ च्या कायद्याने त्यालाच रेल्वे सुरक्षा दलाचे रूप मिळाले. १९८५ च्या दुरुस्तीने ते संघराज्याचे सशस्त्र दल ठरले. २००३ च्या दुरुस्तीने, जी जुलै २००४ पासून अमलात आली, मालमत्तेबरोबरच प्रवाशांची आणि प्रवासी क्षेत्राची सुरक्षाही त्याच्याकडे आली. त्याच सुमारास रूळ ओलांडणे, विनाकारण साखळी ओढणे, महिलांच्या डब्यात पुरुषाने शिरणे अशा रेल्वे कायद्याखालील अनेक अपराधांची चौकशीही त्याला मिळाली. गाडीला अपघात घडवून आणण्यासाठी केलेला घातपात मात्र पोलिसांकडेच राहिला.

एवढे अधिकार मिळूनही हे दल कायद्याच्या अर्थाने पोलीस होत नाही. या प्रश्नाचा निकाल लावणारा खटला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बालकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८० च्या खटल्यात वाद चोरीच्या रेल्वे मालाचा होता आणि चौकशी १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्याखाली रेल्वे सुरक्षा दलाने केली होती. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मधील नियम होता (आता तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे), आणि हे संरक्षण रेल्वे सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेल्या जबाबालाही लागू व्हावे, असा आरोपींचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. दंडाधिकाऱ्यांकडे दोषारोपपत्र पाठवण्याचा अधिकार ही पोलिसी अधिकाराची खरी कसोटी असून, रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी दोषारोपपत्र न पाठवता केवळ तक्रार दाखल करतो, म्हणून या कलमाच्या अर्थाने तो पोलीस अधिकारी नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. या निकालाचा व्यवहारातील परिणाम विचार करायला लावणारा आहे. जो पोलीस नाही, त्याच्यासमोरची कबुली त्याच्या अरुंद क्षेत्रात पुरावा म्हणून वाचता येते. जो पूर्ण अर्थाने पोलीस आहे, त्याच्यावर कायदा तेवढा विश्वास ठेवत नाही. एका फलाटावर काम करणाऱ्या दोन दलांची व्यावसायिक ओळख अशा कसोट्यांनी घडत गेली आहे.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे ही रेषा ठळकपणे दिसली. जयपूर–मुंबई सुपरफास्ट एक्स्प्रेसमधील गोळीबारात रेल्वे सुरक्षा दलाचा एक सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी ठार झाले आणि आरोपी म्हणून त्याच दलाचा जवान पकडला गेला. गाडी रेल्वेची होती, शस्त्र दलाचे होते आणि पहिला मृतही दलाचाच होता, तरीही खुनाचा तपास बोरिवलीच्या लोहमार्ग पोलिसांकडे गेला. उलट, फार मोठे गुन्हे लोहमार्ग पोलिसांच्या हातून वर जातात. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत झालेल्या सात स्फोटांचे गुन्हे आरंभी लोहमार्ग पोलीस ठाण्यांत नोंदले गेले आणि तपास पुढे दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. ठाण्यांत कायम राहते ते रोजचे काम, आणि त्यात सर्वांत जड असते रुळांवरील मृत्यूंचे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात.

अशा प्रत्येक मृत्यूची सुरुवात मेमोने होते. मोटरमनने किंवा गस्तीवरील कामगाराने कळवल्यावर स्टेशन मास्तर एका कागदावर वेळ, मार्ग आणि जागा लिहून तो लोहमार्ग पोलिसांना आणि रेल्वे सुरक्षा दलाला देतो. जागा सांगितली जाते ती विजेच्या तारा धरणाऱ्या खांबावरील आकड्याने: २१/१४ असा आकडा असेल, तर मुख्य स्थानकापासून मोजलेल्या एकविसाव्या किलोमीटरच्या टप्प्यातील चौदा क्रमांकाचा खांब. मृत्यू कोणत्या ठाण्याच्या दप्तरी जायचा, हेही याच आकड्यावरून ठरते. ठाणे अंमलदार, म्हणजे त्या पाळीत ठाण्याचा कारभार पाहणारा कर्मचारी, स्टेशन डायरीत नोंद घेतो. हवालदार हमालांना आणि स्ट्रेचर घेऊन निघतो. लोकल फार वेळ थांबवता येत नाहीत, म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या अवधीत देह उचलून आधी फलाटावर आणि मग राजावाडी, शीव किंवा केईएमसारख्या रुग्णालयात न्यावा लागतो. माणसात धुगधुगी असेल, तर ही घाई त्याच्या जिवासाठी असते. नसेल, तर ती मागे अडकलेल्या गाड्यांसाठी असते.

पुढचा कागद म्हणजे इन्क्वेस्ट पंचनामा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष देहाची पाहणी करून जखमा आणि मृत्यूचे वरकरणी कारण लिहायचे असते. हा नियम गाव आणि मोहल्ला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे आणि रुळांमध्ये रहिवासी नसतात, त्यामुळे पंच जमवणे हेच स्वतंत्र काम होऊन बसते. देह जागेवरून हललेला असल्याने तो रुळापासून किती अंतरावर, कोणत्या बाजूला आणि कसा पडला होता, हे पंचनामा लिहिणाऱ्याला बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहावे लागते. खिशात मासिक पास असेल, तर त्यावरील नाव, स्थानके आणि मुदत उतरवली जाते. मोबाइल चालू असेल, तर त्यावर येणाऱ्या पहिल्या फोनला उत्तर देण्याचे काम हवालदाराच्याच वाट्याला येते. काहीच सापडले नाही, तर मयत बेवारस म्हणून नोंदला जातो आणि कपड्यांचा रंग, गोंदण, जुन्या जखमेची खूण अशा वर्णनावरून वारसांचा शोध सुरू होतो. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या हवालदाराला जखमांवरून माणूस गाडीतून पडला, खांबाला धडकला की रूळ ओलांडताना सापडला, याचा अंदाज बांधता येतो. ही जाण कोणत्याही प्रशिक्षणवर्गात पुरती शिकवता येण्याजोगी नाही आणि तिचा जेवढा आदर व्हायला हवा तेवढा होत नाही. शिपाई आणि हवालदार लोहमार्गातच भरती होऊन तिथेच मुरतात, तर अधिकारी राज्यभरच्या बदल्यांच्या फेऱ्यांत येतात आणि जातात, म्हणून ही विद्या ठाण्यात टिकून आहे ती खालच्या पदांवरील माणसांमुळेच.

या अंदाजावर पैशाचे आणि न्यायाचे मोठे ओझे असते. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे चालत्या प्रवासी गाडीतून अपघाताने पडून प्रवासी मेला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती ८ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, नशा किंवा स्वतःचे गुन्हेगारी कृत्य यांमुळे मृत्यू आला, तर ती मिळत नाही, आणि रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस या कलमात बसत नाही. त्यामुळे पंचनाम्यात ‘लोकलमधून पडून’ लिहिले की ‘रूळ ओलांडत असताना’, यावर एका कुटुंबाची पुढची काही वर्षे अवलंबून राहतात. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे, म्हणजे अशा भरपायांसाठी १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या खास न्यायपीठापुढे, चालतो आणि प्रतिवादी रेल्वे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात सांगितले, की मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही; वारसांनी प्रतिज्ञापत्रावर प्राथमिक वस्तुस्थिती मांडली, की ती खोडण्याचा भार रेल्वेवर जातो. हा निकाल गरिबाच्या बाजूचा आणि न्याय्य आहे, पण त्याचा उपयोग पहिल्या कागदात काय लिहिले गेले यावर पुष्कळ अवलंबून राहतो.

पंचनाम्याबरोबरच दुसरा कागदही तयार होत असतो. अशा अनुचित घटनांच्या तपासाच्या रीतीविषयी २००३ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी स्वतंत्र चौकशी करतो आणि त्याचा अहवाल विभागीय रेल्वे व्यवस्थापकामार्फत न्यायाधिकरणापुढे येतो. भरपाई जिला द्यावी लागण्याची शक्यता आहे, त्या संस्थेचेच दल हा अहवाल लिहिते. दुसरीकडे पंचनामा लिहिणाऱ्या राज्य पोलिसाच्या वेतनाचा निम्मा भार तीच संस्था उचलते. यावरून कोणाच्याही प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. लोहमार्ग हवालदाराने रेल्वेला गैरसोयीचा पंचनामा लिहिला म्हणूनच ज्यांना भरपाई मिळाली, अशीही कुटुंबे आहेत. रचना मात्र चिंतेची आहे. एकाच मृत्यूविषयी दोन दलांचे दोन कागद विसंगत निघाले, तर दोन्ही वेळा जागेवर नसलेल्या कुटुंबाला त्यांतील तफावतीचे उत्तर द्यावे लागते.

हद्दीचा त्रास जिवंत प्रवाशालाही चुकत नाही. रुळांलगत उभे राहून दारातील प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणारे चोर मुंबईत ‘फटका गँग’ म्हणून ओळखले जातात आणि त्या फटक्याने तोल जाऊन माणसांनी पाय आणि प्राण गमावले आहेत. फटका बसतो तो रेल्वेच्या हद्दीत, चोर पळतो तो शेजारच्या वस्तीत, जिथे शहर पोलिसांचे ठाणे आहे, आणि प्रवासी भानावर येऊन उतरतो तो दोन स्थानके पुढे, कदाचित तिसऱ्याच ठाण्याच्या हद्दीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७३ ने गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेणे बंधनकारक केले आहे. अशी फिर्याद शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे वर्ग होते. लांबच्या गाडीत हे अधिक कठीण असते. मुंबईहून निघालेल्या गाडीत रात्री बॅग गेली आणि ते मडगावला उजाडल्यावर कळले, तर फिर्याद गोवा पोलिसांचे कोकण रेल्वे ठाणे घेईल. चोरी महाराष्ट्रात कुठे झाली हे त्यानंतर शोधायचे, आणि तोवर डब्यातील साक्षीदार आपापल्या घरी पांगलेले असतात.

रेल्वे सुरक्षा दलालाच पोलिसांचे सर्व अधिकार द्यावेत, हा उपाय वेळोवेळी सुचवला गेला आहे. २०१२ च्या सुमारास तशा दुरुस्तीचा विचार पुढे आला, तेव्हा पोलीस हा राज्यांचा विषय आहे, असे सांगून काही राज्यांनी विरोध केला. तो आक्षेप केवळ अधिकार राखण्यापुरता नव्हता: फलाटाच्या पायऱ्या उतरताच चोर राज्याच्या हद्दीत येतो आणि त्याचे जुने गुन्हे, त्याचे घर आणि त्याच्याविषयीचे खबरी राज्य पोलिसांकडेच असतात. उलट दिशेने, लोहमार्ग पोलिसांना राज्याच्या ताब्यात ठेवून बळ द्यायचे, तर निम्मा-निम्मा खर्च हीच अडचण ठरते, कारण नवे ठाणे किंवा नवी पदे हवी असतील तर दोन तिजोऱ्यांची संमती लागते. मुंबईच्या महिला डब्यांत रात्री पहारा देण्यासाठी लोहमार्ग पोलिसांबरोबर गृहरक्षक आणि महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान नेमावे लागतात, यावरून मनुष्यबळाची ओढाताण कळते. दोन्ही दलांच्या अधिकारांना हात न लावता करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र शिल्लक आहे. रुळांवर मृत्यू झाला, की देह हलवण्याआधी जागेची छायाचित्रे खांबाच्या आकड्यासह काढून ती दोन्ही कागदांना एकाच वेळी जोडली जावीत. त्यासाठी लागणारा मोबाइल आज प्रत्येक हवालदाराच्या आणि प्रत्येक जवानाच्या खिशात असतो.