मृत्यू, पुनरुत्थान आणि ‘तिसरा दिवस’

प्राचीन पश्चिम आशियातील मृत्युविषयक कथांत आणि विधींत तीन दिवसांचा अवधी वारंवार आढळतो. सर जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९० मध्ये निघाली. तेव्हापासून मरून पुन्हा उठणाऱ्या वनस्पतिदेवतेच्या कल्पनेत अशा सर्व कथांचा उगम शोधण्याची प्रवृत्ती बळावली. पुढे मिर्चा एलियाद यांनी चंद्राकडे लक्ष वेधले. अमावास्येच्या सुमारास चंद्र तीन रात्री लोपतो व पुन्हा उगवतो. मृत्यूनंतरच्या पुनर्जीवनाचा आदिम नमुना तोच होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही दोन्ही मते आकर्षक असली, तरी त्यांत संख्येचे साम्य जितके पाहिले जाते तितके तिचे कार्य पाहिले जात नाही. हे तीन दिवस कोणत्या दोन घटनांच्या दरम्यान येतात, हा प्रश्न प्रत्येक ग्रंथापुरता स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.

या प्रकारची सर्वांत जुनी कथा सुमेरी भाषेतील ‘इनान्नाचे पाताळगमन’ ही होय. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील मृत्तिकापट्टांवर ती कोरलेली आहे. सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी विखुरलेले तुकडे जुळवून तिचा पाठ सिद्ध केला. पाताळाच्या सात द्वारांतून जाताना इनान्ना देवीची एकेक भूषणे व वस्त्रे उतरविली जातात. अखेर तिचे प्रेत आकड्याला टांगले जाते. तीन दिवसांनी ती जिवंत झाली, असे या कथेविषयी अनेकदा सांगितले जाते. परंतु मूळ पाठात तसे नाही. तीन दिवस व तीन रात्री उलटल्यावर तिची सेविका निन्शुबुर शोक आरंभते, एवढेच तेथे म्हटले आहे. त्यानंतर ती निप्पुर, उर आणि एरिदु या नगरांतील देवांकडे क्रमाने जाते. पहिले दोघे नकार देतात. एन्की मात्र साहाय्य करतो, आणि मग इनान्ना उठते. म्हणजे येथील तीन दिवस हे पुनरुत्थानापर्यंतचे अंतर नव्हे. गेलेली व्यक्ती आता परत येत नाही, असे मानण्यापूर्वी पाहावयाची ती वाट आहे. नकार देणाऱ्यांपैकी उरचा देव नन्ना हा चंद्रदेवच होय, हीही गोष्ट चांद्र उपपत्तीच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

हाच अर्थ यहुदी परंपरेत अधिक स्पष्ट होतो. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत प्रेताची ओळख पटविण्याविषयी एक नियम आहे. मृताची साक्ष चेहरा पाहून व तीन दिवसांच्या आतच द्यावी, असे तो सांगतो. कारण त्यानंतर मुखाकृती बदलते. पत्नीला पुनर्विवाहाची अनुज्ञा द्यावी की नाही, हा गंभीर प्रश्न अशा साक्षीवर अवलंबून असे. शोकविधींविषयीच्या ‘सेमाहोत’ या ग्रंथात मृत मानलेला मनुष्य खरोखर मेला आहे ना, हे तीन दिवसांपर्यंत जाऊन पाहण्यास मुभा आहे. असा एक मनुष्य जिवंत आढळून पुढे २५ वर्षे जगला, असेही तेथे नमूद आहे. ‘बेरेशीत रब्बा’ या भाष्यात याच अनुभवाला श्रद्धेचे रूप मिळाले आहे. आत्मा तीन दिवस देहाभोवती परतण्याच्या आशेने घिरट्या घालतो आणि चेहरा पालटलेला पाहून निघून जातो, असे तेथे सांगितले आहे. उष्ण प्रदेशातील देहाचे प्रत्यक्ष निरीक्षण, कायदा आणि श्रद्धा ही तिन्ही येथे एकाच मर्यादेवर येऊन मिळतात.

जरथुष्ट्री धर्मातही ही मर्यादा आहे. ‘हादोख्त नस्क’ या अवेस्ती ग्रंथानुसार मृताचा आत्मा तीन रात्री देहाच्या मस्तकाजवळ राहतो. तिसरी रात्र सरून उजाडताना त्याला स्वतःच्या सदसद्‌वर्तनाचे मूर्त रूप भेटते. चिन्वत सेतूवरील न्यायही त्याच चौथ्या दिवसाच्या पहाटे होतो, अशी परंपरा आहे. मुंबईच्या पारशी समाजात या तीन दिवसांत सरोश यझदाला उद्देशून होणाऱ्या प्रार्थना व चौथ्या पहाटेचा ‘चहारूम’ विधी यांमागे हीच श्रद्धा आहे. मात्र येथे आत्मा देहात परतत नाही. तो पुढे जातो. मर्यादा तीच असली, तरी तिच्या पलीकडचे स्थान भिन्न आहे.

या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती परंपरेतील ‘तिसरा दिवस’ पाहिला पाहिजे. शुक्रवारी दुपारी मृत्यू व रविवारी पहाटे रिकामी कबर, हे अंतर ४८ तासांहूनही कमी आहे. आरंभीचा व शेवटचा अपुरा दिवसही पूर्ण धरण्याच्या तत्कालीन रीतीमुळे रविवार हा तिसरा दिवस ठरतो. महाराष्ट्रात तिसऱ्या दिवशी राख सावडतानाही दहनाचा दिवस पहिलाच धरतात. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात तिसऱ्या दिवशी उठविले जाण्याची आशा राष्ट्राविषयी आहे, आणि तेथे ‘लवकरच’ हा अर्थ प्रधान दिसतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल तिसऱ्या दिवसाला शास्त्राचा आधार असल्याचे सांगतो. परंतु वचन उद्धृत करीत नाही. याउलट, योहानाच्या शुभवर्तमानात लाजराला कबरेत चार दिवस झाले होते, असे मुद्दाम सांगितले आहे. आशेची सर्वमान्य मर्यादा ओलांडली होती, हे श्रोत्यांना त्या आकड्यावरूनच कळत असे.

तथापि प्रत्येक ‘तीन’ला हाच अर्थ लावणे इष्ट नाही. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहतो. परंतु तो मृत नसून अतिथी आहे, आणि त्याला मिळणारे तीन वर हे त्या तीन रात्रींच्या अनादराची भरपाई आहेत. येथे संख्येचा संबंध आतिथ्यधर्माशी आहे, मृत्यूच्या निश्चितीशी नव्हे.

तात्पर्य, तीन दिवसांच्या साम्यावरून एका कथेने दुसरीची उसनवारी केली, असे सिद्ध होत नाही. सुमेरी, यहुदी व इराणी परंपरांत तो अवधी मृत्यूचा संशय आणि मृत्यूची खात्री यांमधील उंबरठा आहे. या उंबरठ्याशी कोण थांबतो, कोण परततो व कोण पुढे जातो, यावरच त्या त्या धर्माची मृत्युविषयक दृष्टी ओळखता येते.