डिकीवरचा लोगो गेला, मग?

आसनगाव स्टेशनजवळ गाडी लावून सकाळची लोकल पकडायची, गाडी रात्रीच परत न्यायची, हा कितीतरी शहापूरकरांचा रोजचा शिरस्ता. अशा एखाद्या रात्री डिकीवर लोगोच्या जागी टेपचा काळा चिकटा आणि दोन बारीक भोकं दिसली, की जो तो सल्ला द्यायला लागतो.

‘फेविक्विक लाव, जन्मात निघणार नाही.’ निघतो, आणि निघताना रंगाचा पोपडाही घेऊन येतो. हा गोंद वाळला की कडक होतो, डिकी आपटल्याचे हादरे त्याला सोसत नाहीत. कंपनी लोगो बसवते तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपवर. जुना चिकटा काढायला थिनर वापरू नका, बाहेर रंगवलेल्या गाडीला तर मुळीच नाही. हेअर ड्रायरने जागा कोमट करायची, तंगूस मागेपुढे ओढत फोम कापायचा, उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून काढायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरड्या पत्र्यावर लोगो घट्ट दाबायचा. टेपची पूर्ण पकड बसायला साधारण ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. माहुलीगडाच्या पायथ्याला जुलैत सलग तीन कोरडे दिवस कुठले मिळायला? गाडीला शेड नसेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

थांबा, पण भोकं उघडी ठेवून नव्हे. ‘शोभेचाच तर प्रश्न आहे’ हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. काही लोगोंच्या मागच्या पिना त्या भोकांत बसतात. तिथून पाणी पत्र्याच्या आत शिरलं, तर गंज आतून धरतो आणि दिसतो फार उशिरा. लोगो बसेपर्यंत भोकांवर निदान टेप तरी लावा.

‘चकाकतो म्हणजे स्टीलचा’ हेही खरं नाही. बहुतेक लोगो प्लॅस्टिकचे, वर क्रोमचा मुलामा. घासणीने घासलात तर मुलामा जाईल.

विमा? १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे पहिले १,००० रुपये, त्यावरच्या गाडीचे २,००० आपल्याच खिशातून जातात, शिवाय नो क्लेम बोनसही बुडतो. लोगोसाठी क्लेम करणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

लोगो नाही म्हणून आरटीओ गाडी अडवेल, ही भीतीही फुकटची. आरसीवर ओळख असते ती चासी आणि इंजिन नंबरची. नंबरप्लेट चोरीला गेली तर मात्र आधी पोलीस ठाणं गाठा. लोगोचीही तक्रार करता येते. चोरी ती चोरीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला किंवा त्याची किंमत भरली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते.

नवा लोगो चासी नंबर सांगूनच मागवा, म्हणजे पिना आणि भोकं जुळतील. कोणी ‘ओरिजिनल आहे, निम्म्या किमतीत देतो’ म्हणाला, तर आधी बिल मागा. तो दुसऱ्या कुणाच्या डिकीवरचा असू शकतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच आहे.