ठराव सभागृहात, अंमल कचेरीत

पाचाड गावचा माणूस महाड शहरात राहायला गेला की त्याच्यावरचा कारभाराचा कायदाच बदलतो. पाचाडला तो 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली असतो, महाडला 1965 च्या नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली. गावात पाखाडी खचली तर सरपंचांना गाठता येते, ग्रामसभेत उभे राहून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर विचारता येते. मतदार म्हणून तो त्या ग्रामसभेचा सभासदच असतो. महाडला आल्यावर हा सभासदपणा संपतो. तिथे त्याच्या वतीने नगरसेवक बसतात आणि तो बाहेर उभा राहतो. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण ग्रामसभेसारखी ती अजून लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणून शहरात राहणाऱ्याने कारभाराची रचना जास्त बारकाईने समजून घेतली पाहिजे.

आपल्या या पट्ट्यात स्थानिक कारभाराचे जवळजवळ सगळे नमुने सापडतात. पाचाडला ग्रामपंचायत, पोलादपूरला नगरपंचायत, महाडला नगरपरिषद, आणि रायगड जिल्ह्यातली एकमेव महानगरपालिका पनवेलला, 1 ऑक्टोबर 2016 पासून. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली आणि तिने शहरी कारभाराचे हे तीन प्रकार संविधानात आणले. गावाचे शहर होत असताना नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महानगरपालिका. पोलादपूर लोकसंख्येने मोठे झाले म्हणून तिथे नगरपंचायत झाली असे नाही. तालुक्याच्या मुख्यालयी ग्रामपंचायत असेल तर तिथे नगरपंचायत करायची, असे राज्य सरकारने ठरवले, त्या फेऱ्यात पोलादपूर आले. तिथे 17 प्रभाग आणि 17 नगरसेवक.

महाडमध्ये 2 डिसेंबर 2025 ला मतदान झाले तेव्हा अनेक मतदारांना एकाहून जास्त बटणे का दाबायची, असा प्रश्न पडला होता. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडले जातात. ती दोन मते, आणि तिसरे मत थेट नगराध्यक्षांना. नगरसेवकांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाचे आरक्षण. कुठली जागा कोणासाठी हे सोडतीने ठरते. निवडून आलेल्यांखेरीज काही स्वीकृत सदस्य घेतले जातात. त्यांना सभेत बोलता येते, मत देता येत नाही.

नगराध्यक्ष कोणी निवडायचा, यावर महाराष्ट्राने बरेच हेलकावे घेतले. 2001 च्या सुमारास थेट निवडणूक आली, पुढे ती बंद होऊन नगरसेवकांतून निवड सुरू झाली. 2016 ला पुन्हा थेट, 2020 ला पुन्हा नगरसेवकांतून, 2022 ला परत थेट. पोलादपूरला 2022 च्या सुरुवातीला नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडले, महाडला 2025 ला सगळ्या शहराने. दोन्हींचे परिणाम वेगळे असतात. नगरसेवकांनी निवडलेल्या अध्यक्षाला सतत बहुमत सांभाळावे लागते. थेट निवडलेल्या अध्यक्षाची खुर्ची पक्की असते, पण सभागृहात दुसऱ्याच पक्षाचे बहुमत असू शकते आणि मग विषयपत्रिकेवरचा प्रत्येक विषय ओढाताणीचा होतो. माझ्या मते थेट निवडणूक लोकांना जबाबदार माणूस दाखवते, म्हणून ती बरी. पण नियम दर काही वर्षांनी फिरवणे हे दोन्ही पद्धतींपेक्षा वाईट.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पनवेलचे किंवा मुंबईचे महापौर शहराने थेट निवडलेले नसतात. नगरसेवक त्यांना अडीच वर्षांसाठी निवडतात आणि प्रशासन आयुक्तांच्या हातात असते. न्यूयॉर्कचा महापौर आपल्या खात्यांचे प्रमुख स्वतः नेमतो, आपल्याकडचा महापौर साधा विभागप्रमुखही नेमू शकत नाही. महाडचे नगराध्यक्ष अधिकारांच्या बाबतीत मुंबईच्या महापौरांपेक्षा थोडे जास्त बळकट आहेत. ते सर्वसाधारण सभेचे अध्यक्ष असतात, स्थायी समितीचे सभापती असतात, समसमान मते पडली तर निर्णायक मत देतात, कारभारावर देखरेख करतात, आणि पूर किंवा तसाच तातडीचा प्रसंग आला तर सभेची मंजुरी नंतर घेण्याच्या बोलीवर काम सुरू करण्याचा आदेश देऊ शकतात. बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या त्यांच्या जोडीला असतात.

आणि तरीही कागदावर शेवटची सही मुख्याधिकाऱ्यांची असते.

मुख्याधिकारी हे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी. त्यांची बदली मंत्रालयातून होते, सभागृहातून नाही. कर्मचारी त्यांच्या हाताखाली, नोटिसा त्यांच्या नावाने, बांधकाम परवानगी त्यांच्या सहीची. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांचे नाते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यासारखे वाटेल, पण गावात तो अधिकारी पंचायतीचा सचिव म्हणून वावरतो. शहरात मुख्याधिकारी स्वतः प्रशासनप्रमुख असतात.

एक गटार घेऊन पाहू. महाड सावित्री आणि गांधारी नद्यांच्या काठचे शहर, त्यामुळे गटार हा इथे जीवनमरणाचा विषय आहे. समजा एखाद्या आळीतले गटार बांधायचे आहे. रहिवासी अर्ज देतात, आवक-जावक टेबलावर त्याला शिक्का आणि क्रमांक पडतो. अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो. तो विषय बांधकाम समितीतून पुढे सरकतो आणि सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. सभेत एक नगरसेवक सूचक, दुसरा अनुमोदक, चर्चा झाली तर झाली, आणि इतिवृत्तात ओळ येते : ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. त्याला क्रमांक पडतो. लोकांना वाटते काम झाले. खरे तर इथपर्यंत फक्त शहराची इच्छा नोंदवली गेलेली असते. यापुढे तांत्रिक मंजुरी, निधीची तरतूद, ई-निविदा, कार्यादेश, मग ठेकेदाराचे काम, मोजमाप पुस्तकात नोंद, आणि शेवटी बिल. ठरावानंतरची ही सगळी वाट कचेरीतून जाते. अर्ज कुठे अडकला हे विचारायला नगरसेवकाकडे जायचे की बांधकाम विभागाकडे, हे काम कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते. ठराव झाला नसेल तर नगरसेवक, झाला असेल तर कचेरी.

निधीचे गणित थोडक्यात सांगतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे हे शहराचे स्वतःचे उत्पन्न. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली तेव्हापासून सरकारच्या सहायक अनुदानावर भिस्त वाढली, त्यात वित्त आयोगाचे पैसे आले. ज्याच्या हाती पैसा त्याचा शब्द चालतो, म्हणून नगरपरिषदेवर मंत्रालयाचा आणि आमदारांचा प्रभाव कायद्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त असतो.

ठराव आणि अंमल यांमधली फट किती खोल असू शकते, हे महाडइतके दुसऱ्या कुठल्या शहराने दाखवले असेल असे मला वाटत नाही. 4 ऑगस्ट 1923 ला रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. या कामात सुरेंद्रनाथ टिपणीस पुढे होते, त्यांनी नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषवले. ठराव कागदावर होता, तरी तीन वर्षे तळ्याच्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला नाही. सवर्णांच्या विरोधापुढे नगरपालिकेचा अंमल थांबला होता.

20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतल्या लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते सत्याग्रहाला निघाले ते नगरपालिकेनेच दिलेला हक्क बजावायला. त्यानंतर दंगल झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि 4 ऑगस्ट 1927 ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सभागृह ठराव करू शकते तसे मागेही घेऊ शकते. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाने अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये असा तात्पुरता मनाईहुकूम दिला. खटला लांबत गेला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. सभागृहाने दिलेला आणि सभागृहानेच काढून घेतलेला हक्क न्यायालयातून परत मिळायला दहा वर्षे लागली. चवदार तळ्याचा इतिहास आपण समतेचा लढा म्हणून वाचतो, तो तसा आहेच. तोच इतिहास स्थानिक स्वराज्य संस्थेचा धडा म्हणूनही शाळेत शिकवावा.

आजच्या कायद्यात बेकायदेशीर किंवा शांतताभंग करणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी कलम 308 खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. ते चांगलेही आहे, आणि निवडून आलेल्या सभागृहावर नेमलेल्या अधिकाऱ्याचा हात ठेवणारेही.

शहरातल्या प्रत्येक गोष्टीची मालक नगरपरिषद नसते, हेही ओळखायला हवे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला तो महामार्गाचा होता. औद्योगिक वसाहतीचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे. उलट 24 ऑगस्ट 2020 ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 माणसे गेली, तेव्हा बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखल्याचा प्रश्न सरळ नगरपरिषदेच्या दारात आला. 22 जुलै 2021 च्या महापुरात शहर बुडाले त्यात नदीचा गाळ, महामार्गाचा भराव आणि शहरातली गटारे असे सगळे एकत्र आले. तो दोष एका संस्थेच्या माथी मारता येत नाही, पण गटार साफ करणे हे काम निर्विवाद नगरपरिषदेचे.

2022 नंतर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत निवडणुकाच रखडल्या. त्या काळात प्रशासक होते. ठराव करणारा आणि राबवणारा एकच अधिकारी, प्रश्न विचारायला सभागृहच नाही. कारभार भराभर चालतो असे काहींना वाटले. मला तो काळ लोकशाहीतली पोकळी वाटतो.

आता सभागृह परत आले आहे. सभेचे इतिवृत्त नागरिकाला पाहता येते आणि माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते. आपल्या आळीच्या कामाबद्दल विचारायला जाल तेव्हा तोंडी आश्वासन घेऊन परतू नका. ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागा, आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा : कार्यादेश निघाला का, कोणत्या तारखेचा?